चाकणच्या कंपनीत युनियन काढायची आहे, दोघांची बदली झालीसुद्धा. आता पुढे काय?

प्रेसशॉप_चाकण

नमस्कार मंडळी. मी चाकण एमआयडीसीत म्हाळुंगेच्या बाजूला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण समजून घ्या. पर्मनंट साधारण १६०, फिक्स्ड टर्मवाले ६० च्या आसपास, ठेकेदाराकडची पोरं तीनशेच्या वर. शिवाय ट्रेनी येत-जात असतात.

पगारवाढ आजवर एचआरच्या मनावर. त्याबद्दल कुरकुर होती, पण विषय खरा पेटला तो गेल्या पावसाळ्यात. ठेकेदाराकडच्या एका पोराची दोन बोटं प्रेसखाली गेली. प्रॉडक्शन अडतं म्हणून त्या मशीनचा सेन्सर बायपास केलेला होता आणि हे अख्ख्या शॉपला माहीत होतं. पोरगा लातूरकडचा, परत गावी गेला. त्यानंतर आम्ही वीसेक जण राजगुरुनगरला एकाच्या घरी बसलो आणि युनियन काढायचं ठरवलं.

चार दिवसांत एचआरला कळलं. दोघांना उत्तराखंडच्या प्लांटला बदलीची ऑर्डर. बाकीच्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आपल्याकडे वर्क्स कमिटी आहे, युनियनची गरजच काय, आणि असं गुपचूप जमून ठरवणं म्हणजे कट आहे, पोलिस केस होऊ शकते. परवा अचानक बोर्डवर नोटीस लागली, सगळ्या पर्मनंटना महिन्याला १,५०० वाढ. निम्मी पोरं तिथेच थंड झाली.

किती सह्या लागतात? केस होऊ शकते का? बदली झालेल्या दोघांनी जावं की नको? आमच्यात एकाला टीम लीडरचं डेसिग्नेशन दिलंय, तो सभासद होऊ शकतो का? बाहेरचा लीडर घ्यावा की इंटर्नल युनियन बरी? माहितगारांनी सांगावं, फार गरज आहे.

---

तळेगावचा_फिटर

भाऊ, एकच गोष्ट सांगतो, ती आज रात्रीच सगळ्यांना सांगा. रागाच्या भरात सगळ्यांनी मिळून एका दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकू नका. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ५० टक्के किंवा जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून रजेवर गेले की तो संप धरतात, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. नोटीस नाही म्हणजे संप बेकायदा. दंड १,००० पासून १०,००० पर्यंत, नाहीतर एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मॅनेजमेंट याचीच वाट बघत बसते. आमच्या बाजूच्या कंपनीत पोरांनी हेच केलं आणि मूळ मागणी राहिली बाजूला, सगळी ताकद कंपनीच्या चार्जशीटची उत्तरं देण्यात गेली.

---

भोसरीचा_खजिनदार

मी भोसरीत एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होतो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं युनियनचा खजिनदार. अध्यक्ष बदलले, सेक्रेटरी बदलले, पावतीपुस्तक माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे माझं सांगणं खजिनदाराचं आहे, भाषणाचं नाही.

आधी पोलिस केसची भीती काढून टाका. १९२०-२१ साली मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी हायकोर्टातून युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम आणला होता. कामगारांना काम थांबवायला सांगता म्हणजे आमचे करार मोडायला लावता, असं मालकांचं म्हणणं. त्या धक्क्यातून ना. म. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला की युनियनला कायद्याचं संरक्षण हवं. जोशी म्हणजे गोखल्यांनी १९०५ साली आपल्या पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे माणूस. त्या ठरावापासून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन्स ॲक्ट झाला. त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की नोंदणीकृत युनियनच्या कायदेशीर कामासाठी सभासदांनी आपसात ठरवलं तर तो गुन्हेगारी कट होत नाही. मारहाण, तोडफोड, धमकी यांना अर्थात ते संरक्षण नाही. आणि युनियन काढायचा हक्क तर घटनेच्या कलम १९(१)(ग) मध्येच आहे. घरी बसून चहा पिताना वीस जणांनी युनियन काढायचं ठरवलं, यात गुन्हा कसला?

आता १९२६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला. संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. नोंदणीचा गाभा तोच राहिला आहे. अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या, आणि अर्जाच्या दिवशी १० टक्के कामगार किंवा १०० कामगार, यांतला जो आकडा कमी तेवढे सभासद. पर्मनंट आणि फिक्स्ड टर्म धरून तुम्ही २२० आहात, म्हणजे २२ झाले की अर्ज करता येतो असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. त्या बावीसवर जाऊ नका. तुम्ही अर्ज टाकला की महिन्याभरात मॅनेजमेंटच्या आशीर्वादाने दुसरी युनियन उभी राहते, हे मी भोसरीत, पिंपरीत, रांजणगावला बघितलेलं आहे. एकच युनियन असेल तर वाटाघाटीला तीच. दोन झाल्या की मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिच्याकडे, ती वाटाघाटी करणारी युनियन. कुणाकडेच ५१ नसतील तर प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी परिषद बसते, आणि तशा परिषदेत पगाराचा करार ओढून आणणं किती अवघड, ते बसलेल्यालाच विचारा. म्हणून नोंदणीच्या आधीच निम्म्याच्या पुढे जा. ट्रेनींना या हिशेबात धरू नका. अप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेला मुलगा कायद्याने कामगार नसतो, त्याचं नाव यादीत घातलं तर समोरचा पहिला आक्षेप त्यावरच घेईल.

टीम लीडरचं म्हणाल तर कायदा डेसिग्नेशन बघत नाही, तो माणूस दिवसभर काय करतो ते बघतो. सुपरवायझरी काम आणि पगार १८,००० च्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच तो कामगार या व्याख्येबाहेर जातो. तुमचा टीम लीडर स्वतः डाय लावतो, पीस काढतो, रजा मंजूर करत नाही, कुणाला मेमो देत नाही, तर तो कामगारच. मात्र त्याच्या रोजच्या कामाचे कागद जपून ठेवा. कुठल्या मशीनवर होता, किती पीस काढले, त्या शीटवर त्याचीच सही असते ना, ती शीट.

वर्क्स कमिटी ही १०० किंवा जास्त कामगार असले की असू शकते. मालक आणि कामगार यांच्यात सलोखा राहावा यासाठी ती असते, तिनं पाणी, कॅन्टीन, बस यांवर जरूर बोलावं. पगाराचा करार ती करू शकत नाही. तेव्हा कमिटी आहे म्हणून युनियन नको, हे म्हणणं कायद्यात कुठेच बसत नाही.

आणि ती १,५०० ची वाढ. घ्या. नाकारू नका. पण संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टात मालकाच्या अनुचित कामगार प्रथांची यादी आहे, तिच्यात हेही आहे की संघटना बांधली जात असताना ती मोडावी म्हणून ऐनवेळी पगारवाढ देणं. त्याच यादीत आहे, कंपनीच्या धोरणाचं नाव पुढे करून आकसाने बदली करणं. आणि स्वतःच्या पाठिंब्याने युनियन उभी करणं. म्हणजे तुमच्याकडे यादीतली दोन कलमं घडून गेलेली आहेत, तिसरं घडायच्या बेतात असेल. नोटिशीचा फोटो तारखेसकट काढा. बैठक कधी झाली, ऑर्डर कधी निघाली, वाढ कधी लागली, या तारखा एका कागदावर एकाखाली एक मांडा. चौकशीत असा कागद फार बोलतो.

आता माझ्या खात्याचं.

आमच्याकडे १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली मान्यतेची, म्हणजे कंपनीशी बोलणारी युनियन कोणती याची, लढाई झाली होती. त्या कायद्यात मान्यतेसाठी लागोपाठ सहा महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागत. दोन युनियन, दोघांचाही दावा. औद्योगिक न्यायालयाचा तपास अधिकारी कंपनीत आला, ट्रेनिंग रूममध्ये टेबल मांडलं आणि दोघांची पावतीपुस्तकं मागितली. आमची पुस्तकं कळकट. कार्बन उमटून निळी झालेली, कुठे ऑइलचा अंगठा, कुठे शाई बदललेली, कुठे माझं अक्षर तर कुठे सेकंड शिफ्टच्या कलेक्शनवाल्याचं. समोरच्यांची कोरी करकरीत. साहेबांनी काही न बोलता त्यांच्या पावत्या उलटल्या. एकाच पेनाने, एकाच हाताने सहा महिने लिहिलेले. एका ठिकाणी पावती नंबर पुढे गेला होता आणि तारीख मागे. तिथे त्यांनी पेन्सिलने बारीक खूण केली. मग आमच्या पुस्तकातला एक टोकन नंबर काढून त्या माणसाला मशीनवरून बोलावला आणि विचारलं, वर्गणी केव्हा भरलीस? तो म्हणाला, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, कॅन्टीनच्या दारात. पावतीवरची तारीख तीच. अशी पंधरावीस माणसं तपासली. मान्यता आम्हाला मिळाली.

तेव्हा तुम्ही आजपासून सभासद फॉर्मवर नाव, टोकन नंबर, खातं (डिपार्टमेंट), तारीख आणि स्वतःची सही घ्या. कुणी कुणाच्या वतीने सही करायची नाही, अगदी सख्ख्या भावाच्याही नाही. वर्गणी दर महिन्याला आणि ज्याच्या त्याच्याकडून. एकाने खिशातून सगळ्यांची भरून नंतर वसूल करायची नाही. पावती नंबर छापील, स्थळप्रत कार्बनची. पैसे युनियनच्या बँक खात्यात, नोंदणी होईपर्यंत तिघांच्या नजरेखाली वहीत. दर तीन महिन्यांनी कमिटीची बैठक, ठराव इतिवृत्ताच्या वहीत, वर्षाला ऑडिट. नोंदणीनंतर वार्षिक विवरणपत्र रजिस्ट्रारकडे गेलंच पाहिजे. कित्येक युनियन संपात हरत नाहीत, विवरणपत्र न भरल्याने नोंदणी रद्द होऊन संपतात.

तुमच्या चाकणच्याच खेड तालुक्यातलं कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंड्यांचं मूळ गाव. १८८४ साली त्यांनी मुंबईत साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार केला, तेव्हा युनियनचा कायदा नव्हता, काहीच नव्हतं. होत्या त्या सह्या. रविवारची सुट्टी पुढे १० जून १८९० पासून मिळाली.

बदलीवाल्या दोघांबद्दल मी मत देत नाही, त्यावर कोर्टात उभं राहणाऱ्यानेच बोलावं.

---

ॲडव्होकेट_शिवाजीनगर

खजिनदार काकांनी मांडलंय ते नीट आहे. बदलीबद्दल सांगते.

त्या दोघांच्या नेमणूकपत्रात बदलीचं कलम बहुधा असेलच, असतंच. कलम आहे म्हणून बदली आकसाची ठरत नाही असं नव्हे, पण घरी बसून राहणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग. मग बदलीचा प्रश्न मागे पडतो आणि 'विनापरवाना गैरहजर' हा आरोप पुढे येतो. ऑर्डर हातात घ्यावी, पोच देताना 'हरकत कायम ठेवून' असं लिहावं, आणि त्याच आठवड्यात कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने व ईमेलने लेखी हरकत पाठवावी. तारखा, बैठक, केबिनमधलं बोलणं, सगळं त्यात यावं. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात लगेच टाकावी. हजर व्हायचं की नाही हे कागद बघून ठरवू, पण तोंडी नकार मुळीच देऊ नये.

पुढे कुणाला काढून टाकलंच, तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही की कामगार स्वतः थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. त्याला युनियनची सही लागत नाही. मुदत काढून टाकल्यापासून दोन वर्षं आहे, पूर्वी तीन होती. हा एक वर्षाचा फरक पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही.

---

प्रेसशॉप_चाकण

काका, ताई, खूप आभार. रात्री दोघांना फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. हरकतीचं पत्र उद्याच जाईल.

पण एक अडचण खरी सांगतो. आमच्यातलेच जुने पर्मनंट म्हणतात की ठेकेदाराच्या पोरांना यात घेऊ नका, आपला करार अडेल, कंपनी म्हणेल एवढ्यांना कुठून देऊ. आणि त्या पोराची बोटं गेली तेव्हापासून मला तर ते पटत नाही. काय करावं?

---

पंचायतीची_लेक

माझी आई कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची सभासद. बिबवेवाडीत कचरा वेचायची. तिला मालकच नव्हता. मालक नाही, मस्टर नाही, पगार नाही, तरी १९९३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायांची युनियन उभी राहिली आणि रीतसर नोंदली गेली. बाबा आढाव होते पाठीशी, ज्यांनी १९५५ ला हमाल पंचायत उभी केली होती. ते डिसेंबर २०२५ मध्ये गेले तेव्हा आई दिवसभर जेवली नाही.

आईला पहिल्यांदा ओळखपत्र मिळालं ते पंचायतीचं. सोसायटीच्या वॉचमनने हटकलं की ती ते पदरातून काढून पुढे धरायची. त्याआधी तिला कुणीही चोर म्हणायचं. हमालांचंही तसंच, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. तरी १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रात झाला, बोर्डाकडून मजुरी, रजा, फंड मिळायला लागला. ज्यांना एक ठरलेला मालकच नाही त्यांची संघटना होते, तर तुमच्या ठेकेदाराकडच्या पोरांना मालक तरी आहे. एक सोडून दोन आहेत. त्यांना बाहेर ठेवू नका हो. ती पोरं तुमच्याच प्रेसवर हात घालतात.

---

भोसरीचा_खजिनदार

ताईंनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आता जुन्या पर्मनंटना काय सांगायचं ते सांगतो, कारण त्यांची भीती खोटी नाही, फक्त तिचा रोख चुकलाय.

करार कशामुळे अडतो? आज तुम्ही १६० पर्मनंट आहात आणि बाहेर तीनशे. प्रेस, वेल्डिंग, पॅकिंग, सगळीकडे तीच पोरं उभी. उद्या तुम्ही कायदेशीर नोटीस देऊन संप केला तरी उत्पादन चालू राहील, कारण तीनशे जणांना तुम्ही आपलं मानलेलं नाही. मग मॅनेजमेंट तुमच्याशी कशाच्या जोरावर बोलेल? दर वर्षी दहा जण रिटायर होतील, त्यांच्या जागी एकही पर्मनंट भरणार नाही, आणि काही वर्षांत तुमची युनियन साठ जणांची होईल. पिंपरी-चिंचवडमध्ये मोठमोठ्या नावाच्या युनियनचं हेच झालं, पाट्या राहिल्या आणि माणसं गेली.

कायद्याची आडकाठी नाही. ठेकेदाराचा कामगारही कामगारच, आणि नोंदणी एखाद्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांची होऊ शकते. म्हणून युनियनची घटना लिहिताना सभासदत्वाचं कलम रुंद ठेवा. 'चाकण परिसरातील अभियांत्रिकी उद्योगात काम करणारा कोणताही कामगार, मग तो कायम, मुदतबंद अथवा कंत्राटी असो', अशा अर्थाचं. मागणीपत्रात पहिली मागणी सगळ्यांची ठेवा. सेन्सर बायपास केलेल्या मशीनवर कुणीही काम करणार नाही, प्रत्येक प्रेसला दोन्ही हातांचं बटण चालू असल्याशिवाय शिफ्ट सुरू होणार नाही. ह्यात कंपनीला वेगळे पैसे मोजायचे नाहीत आणि पर्मनंटचा करारही अडत नाही. त्या मागणीवर तीनशे फॉर्म भरले जातील, माझी खात्री आहे. फिक्स्ड टर्मवाल्यांना हेही सांगा की त्यांना पर्मनंटसारख्याच सोयी आणि एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी हा त्यांचा हक्क आहे. पुष्कळांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

एक धोका मात्र आहे. ठेकेदाराच्या पोराला काढणं सोपं असतं, गेटवर पास बंद केला की झालं. म्हणून त्यांचे फॉर्म भरा, पण याद्या मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका, नोंदणी होईपर्यंत त्यांना गेट मीटिंगला पुढे उभं करू नका. पुढे पर्मनंटांनी उभं राहायचं. पर्मनंट असण्याचा तेवढा तरी उपयोग झाला पाहिजे.

बाहेरच्या लीडरचं विचारलं होतंत. संहितेत पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी असेल तेवढेच बाहेरचे चालतात, बाकी सगळे तिथे काम करणारे हवेत. एक अनुभवी माणूस सल्लागार किंवा अध्यक्ष म्हणून घ्या, कारण कन्सिलिएशनच्या (समेटाच्या) टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्याची जीभ अडखळते. पण सेक्रेटरी आणि खजिनदार तुमच्याच शॉप फ्लोअरचे असू द्यात, आणि चेकवर त्या दोघांच्याच सह्या. १९८९ ला टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते, ती माणसं, तो जोर मी डोळ्यांनी बघितलाय. त्या वेळी सगळी भिस्त एका नेत्यावर होती. नेता प्रामाणिक असला तरी ज्या दिवशी तो अडकतो त्या दिवशी मागची हजारो माणसं थांबतात. कमिटी खात्या-खात्यातून निवडा. प्रेस, वेल्ड, टूल रूम, मेंटेनन्स, डिस्पॅच, प्रत्येकाचा एक, आणि ठेकेदाराकडच्यांचे दोन.

या रविवारी बसाल तेव्हा ठराव करून नाव, घटना आणि सात अर्जदार ठरवा. सातांत तीन खात्यांची तरी माणसं असू द्या, म्हणजे एकाच शॉपवर राग निघणार नाही. अर्जाबरोबर घटनेची प्रत, ठराव, पदाधिकाऱ्यांची नावं-पत्ते-वय आणि प्रतिज्ञापत्र लागेल. अर्ज दाखल केल्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. पोच मिळाली की त्याच दिवशी कंपनीला पत्र, त्यात पदाधिकाऱ्यांची नावं. त्यानंतर त्यांच्यावर काही कारवाई झाली तर कंपनीला आम्हाला माहीतच नव्हतं असं म्हणता येत नाही.

पावतीपुस्तकं शंभर पानी छापून घ्या, नंबर सलग, एका खात्याला एक पुस्तक. खजिनदार कोण ठरला ते इथे कळवा, वर्गणीच्या वहीचे रकाने कसे आखायचे ते मी त्याला लिहून देतो.